पाणी अडविले, पण मोजले कोणी?

(पाणलोट क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या अभ्यासवर्गास आलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी हाती कुदळ-फावडे घेतलेले आहे. कोणी डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले आहेत, कोणी ओघळीत अनघड दगडांचे बांध रचले आहेत, कोणी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घातले आहेत. त्यामुळे श्रमदानाची महती मी पुन्हा सांगत बसत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. आपण अडविलेल्या पाण्यापैकी किती जमिनीत मुरले, किती वाहून गेले, किती उन्हाने उडाले आणि जे मुरले ते शेवटी कोणाच्या विहिरीतून वर आले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? 'बंधारा तुडुंब भरला' असे आपण समाधानाने सांगतो, त्याचे छायाचित्रही काढतो. ते छायाचित्र बहुधा सप्टेंबरमधले असते. त्याच जागी मार्च महिन्यात उभे राहून छायाचित्र काढणारा कार्यकर्ता मला क्वचितच भेटला आहे.

महाराष्ट्राला पाणलोटाच्या कामाचा वारसा लहान नाही. १९७२ च्या दुष्काळाने हा प्रांत हादरला आणि त्यातूनच विचार करणारी माणसे पुढे आली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर ओसाड जमीन कराराने घेऊन प्रयोग आरंभिला, तो १९७४ च्या सुमारास. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांचे काम त्याच दशकात उभे राहिले. १९८९ मध्ये पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले. पुढे शासनाच्या योजना आल्या; २०१६ ते २०१९ या काळात 'वॉटर कप' स्पर्धेच्या निमित्ताने हजारो गावकरी उन्हातान्हात चर खोदताना आपण पाहिले. एवढे सगळे होऊनही उन्हाळ्यात टँकरची मागणी थांबलेली नाही. याचे खापर नुसते पावसावर फोडून चालणार नाही. आपण पाणी साठविण्याचा विचार केला, उपसण्याचा केला नाही. आणि दोन्हींचा हिशेब ठेवण्याचा तर मुळीच केला नाही.

आपल्याकडे ही दृष्टी कधी नव्हती, असे मात्र नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापाशी ठराविक मापाचे भांडे ठेवून पाऊस मोजण्याची व्यवस्था सांगितली आहे आणि कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो, यावरून पेरणीचा विचार करावा असेही त्यात आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा संपूर्ण अध्याय भूमीखालच्या जलाच्या शोधाविषयी आहे. आपल्या व्यासपीठांवरून या ग्रंथांचे उल्लेख अभिमानाने होतात आणि ते व्हावेतही. परंतु ज्या गावात असे भाषण होते, त्या गावात पर्जन्यमापक आहे काय आणि काल सकाळी त्याची नोंद कोणी घेतली, एवढे विचारले की सभा शांत होते. त्या ग्रंथकारांनी मोजले होते म्हणून त्यांना लिहिता आले.

खडकाचा स्वभाव

आधी पायाखालच्या खडकाकडे पाहू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टने, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. गंगेच्या मैदानातील वाळू-गाळासारखा हा खडक पाणी पोटात साठवीत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला थर, पाषाणातील भेगा आणि दोन लाव्हाथरांमधील सांधे, एवढ्याच जागी काय ते पाणी राहते. जुन्या विहीर खोदणाऱ्यांना हे ठाऊक होते. मांजऱ्या लागला की त्यांचा चेहरा उजळे आणि एकसंध काळा पाषाण लागला की ते मालकाला थांबण्याचा सल्ला देत.

या खडकाची साठवणक्षमता किती, याचा ढोबळ अंदाज सांगतो. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये घनफळाच्या साधारण दोन टक्के इतकेच पाणी उपसण्याजोगे असते. म्हणजे १०० हेक्टर क्षेत्रातील विहिरींची पातळी सरसकट एक मीटरने वर आली, तर आपल्या पदरात २० हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी पडते. ऐकायला आकडा मोठा वाटतो. तो किती लहान आहे हे पुढे दिसेल. विहीर काठोकाठ भरली की शेतकऱ्याला श्रीमंतीचा भास होतो. हा खडक लवकर भरतो, तसाच लवकर रिकामाही होतो. पावसाळ्यात पातळी दहा मीटर चढणे आणि फेब्रुवारीत तितकीच उतरणे, यात आश्चर्य काही नाही. म्हणूनच कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्याच्या सड्यावरील गावांना एप्रिलमध्ये हंडा घेऊन उतार उतरावा लागतो.

येथे नाला खोलीकरणाविषयी एक शब्द बोलणे भाग आहे. यंत्रे मिळतात, इंधनाला देणगी मिळते, चार दिवसांत काम दिसते; म्हणून हा प्रकार लोकप्रिय झाला. शिरपूर तालुक्यातील प्रयोगाचा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो. परंतु तापीकाठच्या त्या प्रदेशात गाळाचे जाड थर आहेत. मराठवाड्यातील एखाद्या गावाचा भूस्तर तसा असेलच असे नाही. जेथे पाणी धरणारा मुरूम नाल्याच्या तळाशीच संपतो, तेथे यंत्राने तो थर कापला की काठच्या विहिरींतील पाणी उलट नाल्यात पाझरू लागते आणि उघड्यावर पडून उडून जाते. खोदण्यापूर्वी आसपासच्या चार विहिरींच्या भिंतींवर दिसणारे थर उतरवून घेतले आणि नाल्याचा तळ कोणत्या थरावर आहे ते पाहिले, तर हा अनर्थ टळतो. त्यासाठी एक दोरी, एक वही आणि अर्धा दिवस पुरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा कार्यालये आहेत. तेथील भूवैज्ञानिकाला गावात बोलवावे.

तीन नोंदी

गावाने नेमके काय मोजावे? पाऊस, विहिरीची पातळी आणि ओढ्याचा प्रवाह. यांतील पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत, म्हणून त्या लवकर सांगतो. पर्जन्यमापक झाड आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावा. हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेची असते, म्हणून तुलना करता येते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, एवढे समीकरण शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असावे. विहिरीसाठी काठावर रंगाने एक खूण करावी आणि नेहमी त्याच खुणेपासून, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, फीत खाली सोडून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. पंप चालू असता घेतलेली पातळी ही विहिरीची नसते, पंपाची असते. माथ्यावरच्या, मधल्या आणि पायथ्याच्या अशा सहा-आठ विहिरी निवडल्या तरी गावाचे चित्र मिळते.

ओढ्याचे मात्र तसे नाही. या नोंदीकडे आपल्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही आणि माझ्या मते सर्वांत अधिक सत्य तीच सांगते. पावसाळा संपल्यानंतर, डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत ओढ्याला जे पाणी असते ते पावसाचे नसते. ते भूमीने धरून ठेवलेले आणि हळूहळू सोडलेले पाणी असते. शेवटच्या पावसानंतर ओढा किती दिवस वाहिला, हा एकच आकडा दहा वर्षे नेमाने लिहिला, तर त्या पाणलोटाची प्रकृती त्यातून समजते. गावातील वृद्ध सांगतात, 'आमच्या लहानपणी होळीपर्यंत ओढ्याला पाणी असे.' हे खरे असेल. पण लिहून ठेवलेले नसल्यामुळे ते आज पुराव्याला चालत नाही.

ओढा मोजायचा कसा? धार बारीक असेल तर दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. बादली पाच सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला दोन लिटर. पाणी अधिक असेल तर सरळ, एकसारख्या रुंदीचा दहा मीटरचा तुकडा निवडावा, लाकडाचा ढलपा किंवा संत्रे सोडून ते अंतर कापायला लागणारा वेळ मोजावा, रुंदी आणि निरनिराळ्या ठिकाणची खोली घेऊन पाण्याचा छेद काढावा. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा वेगाने धावते, म्हणून येणाऱ्या वेगाला ०.८५ ने गुणावे. तळ फार खडबडीत असेल तर त्याहूनही कमी धरावे. हे स्थूल मापन आहे, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरे.

याहून चांगली रीत म्हणजे त्रिकोणी खाचेचे पाते. लोखंडी पत्र्यात काटकोनाची खाच कापायची आणि तो पत्रा वनराई बंधाऱ्यात किंवा छोट्या बांधात असा बसवायचा, की सगळे पाणी त्या खाचेतूनच पडेल. कडेने आणि खालून पाझर राहू द्यायचा नाही. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते पात्यापासून थोडे मागे, जेथे पाण्याचा पृष्ठभाग खाली ओढला गेलेला नसतो तेथे मोजायचे. उंची १० सेंटीमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर पाणी वाहते. उंची २० सेंटीमीटर झाली, तर ते दुप्पट होत नाही, २४.७ लिटर, म्हणजे साडेपाच पटींहून अधिक होते. नुसत्या डोळ्यांनी पाहून 'पाणी जरा वाढले आहे' म्हणणाऱ्याची फसगत होते ती येथेच. आता त्या ४.४ लिटरच्या धारेकडे पुन्हा पाहू. ही धार ओलांडताना आपले पाऊलही नीट भिजत नाही. पण ती दिवसाला ३ लाख ८० हजार लिटर पाणी वाहून नेते. माणशी ५५ लिटर या हिशेबाने १,५०० वस्तीच्या गावाला रोज ८२,५०० लिटर पाणी लागते. म्हणजे गावाच्या गरजेच्या साडेचारपट पाणी घोट्याएवढ्या ओढ्यातून रोज जात असते आणि गाव टँकरची वाट पाहत असते.

आणखी एक सूचना करतो. आपल्या कामामुळे पाणी वाढले असे म्हणावयाचे असेल, तर शेजारच्या, काम न झालेल्या गावातील तीन-चार विहिरींचीही नोंद ठेवावी. एखाद्या वर्षी पाऊसच चांगला झाला, तर दोन्ही गावांत पातळी वाढते आणि श्रेय मात्र बंधाऱ्याला जाते. दोन्हींमधील फरक हेच आपल्या श्रमांचे खरे फळ. आणि तेही तीन-चार पावसाळे पाहिल्याशिवाय सांगू नये. उद्घाटनाच्या दुसऱ्याच वर्षी यशोगाथा छापण्याची घाई सर्वांनाच असते, सामाजिक संस्थांनाही.

ताळेबंद आणि त्यातून निघणारे भांडण

नोंदी झाल्या की हिशेब मांडता येतो. उदाहरणासाठी १,००० हेक्टरचे, १,५०० वस्तीचे आणि ४०० मिलिमीटर पावसाचे गाव धरू. गावावर पडणारे एकूण पाणी झाले ४०० कोटी लिटर. त्यातील बरेचसे उन्हाने आणि वनस्पतींच्या द्वारे हवेत परत जाते, काही वाहून जाते. दहा टक्के मुरले असे धरले तर विहिरींच्या वाट्याला ४० कोटी लिटर येतात. माणसांच्या पिण्याघरच्या वापराला वर्षाला तीन कोटी पुरतात. गुराढोरांना साधारण एक कोटी. उरले ३६ कोटी. एक हेक्टर उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत, पावसाचा वाटा वजा करूनही, दीड ते पावणेदोन कोटी लिटर पाणी द्यावे लागते. पाटाने मोकळे सोडले तर त्याहूनही अधिक. म्हणजे २० ते २४ हेक्टर ऊस संपूर्ण गावाचे पाणी पिऊन टाकतो. तेवढ्याच पाण्यात हरभऱ्यासारखे पीक, हेक्टरी ३० लाख लिटर धरले तरी, १२० हेक्टरांवर उभे राहते. आणि सर्व माणसांचे वर्षभराचे पिण्याचे पाणी दोन हेक्टर उसाएवढे आहे.

हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचला की काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. वीस-बावीस हेक्टर ऊस गावात फार तर दहा-बारा घरांचा असतो आणि ती घरे गावातील वजनदार घरे असतात. बंधाऱ्यासाठी श्रमदान करताना सगळे गाव एक असते. मुरलेले पाणी ज्याची विहीर खोल आणि ज्याचा पंप मोठा त्याच्याकडे जाते. ज्या भूमिहीन मजुराने चर खोदले, त्याच्या पदरी काय पडले? त्याच्या घरची बाई एप्रिलमध्ये त्याच उसाच्या बांधावरून हंडा घेऊन जाते. हा प्रश्न अप्रिय आहे म्हणून आपण तो टाळला, तर पाणलोटाचे सगळे काम सार्वजनिक श्रमातून खाजगी संपत्ती निर्माण करण्याचे साधन बनते. समाज एकरस व्हावा असे म्हणणाऱ्यांनी तरी याकडे डोळेझाक करू नये.

विलासराव साळुंखे यांचे मोठेपण मला येथे दिसते. पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात दिला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी, भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चातील २० टक्के वाटा सदस्यांनी स्वतः उचलायचा. २००२ मध्ये साळुंखे गेले. ज्या देशात १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून भूजल हे जमीनमालकाच्या मागे चालत आले, त्या देशात ही कल्पना केवढी धाडसी होती!

त्याहून जुना दाखला धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीचा आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर लहान बंधाऱ्यांची मालिका आणि त्यांखालील जमीन चार फडांत विभागलेली. एका फडात एकच पीक आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडी-थोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाणी कमी आले, तर एखाददुसरा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे टंचाईचा भार एका कोणावर न पडता सर्वांवर पडे. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, त्यांवर देखरेखीस हवालदार, अशी गावाची स्वतःची यंत्रणा होती. पाणी किती आले हे पाहून क्षेत्र ठरविणे आणि तूट सर्वांनी वाटून घेणे, ही दोन तत्त्वे त्यात सहज मुरलेली होती.

आजच्या काळात त्या दिशेने जाणारे दोन मार्ग दिसतात. हिवरे बाजारने निर्बंधाचा मार्ग घेतला. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस-केळी नाही, झाडावर कुऱ्हाड नाही, मोकाट चराई नाही. आणि पावसाळ्यानंतर पर्जन्यमापकाच्या व विहिरींच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षीची पिके ठरवायची. पाऊस थोडा झाला तर पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, मग उरेल त्यावर रब्बी. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली आणि गावाला पाहुण्यांची रीघ लागली. पाहुणे बंधारे पाहून जातात. खरे तर त्यांनी ताळेबंदाच्या ग्रामसभेला बसून यावे.

दुसरा मार्ग तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांचा. २००३ पासून काही वर्षे तेथील सात दुष्काळी जिल्ह्यांतील सहाशेहून अधिक गावांत शेतकरी स्वतः पाऊस, विहिरींची पातळी आणि कूपनलिकांची धार पिंप व घड्याळ वापरून मोजीत, आकडे गावातील फळ्यावर लिहीत आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून पिकांचा व पाण्याचा मेळ घालीत. तेथे बंदी नव्हती. कोणी काय पेरावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. फक्त पाणी किती आहे हे सर्वांना ठाऊक असायचे. अनेक शेतकऱ्यांनी भातासारखी पिके आपणहून कमी केली, ती जानेवारीत विहीर आटली तर आपलेच पीक वाळेल हे कळल्यामुळे. कोणता मार्ग चांगला, असे मला विचारले जाते. हिवरे बाजारला एकमुखी नेतृत्व लाभले आणि डोंगरांनी वेढलेले स्वतःचे असे पाणलोट क्षेत्रही लाभले. ज्या गावात चार पुढारी आणि पाच गट आहेत, तेथे बंदीचा ठराव कागदावर राहतो. तेथे फळ्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे.

कायदे नाहीत असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास महाराष्ट्रात १९९३ पासून निर्बंध आहे. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरहून खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद आहे. २०१९ च्या अखेरीस घोषित झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील ग्रामपंचायतींनी पाण्याचा ताळेबंद मांडावा अशी अपेक्षा ठेवली गेली. तरीही रात्री येणारे कूपनलिकेचे यंत्र अडविण्याची हिंमत तलाठ्यात नसते आणि शेजाऱ्यातही नसते. शेजाऱ्याला ती कधी येते? आपल्या विहिरीची उतरती रेघ त्याने स्वतःच्या हाताने वहीत काढलेली असेल तर.

गुणवत्ता आणि शहरातील ओढे

पाणी किती, याबरोबर ते कसे आहे हेही पाहिले पाहिजे. १९८२ मध्ये ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी सिद्ध केली. बाटलीतील औषधी पट्टीवर पाणी ओतून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असल्याची शंका घ्यायची आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. २०१९ मध्ये आरंभ झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना अशा चाचण्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावातील त्या पाच भगिनी कोण, त्यांची पेटी वापरात आहे की पंचायतीच्या कपाटात, हे येथून गेल्यावर आधी पाहावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा भारतीय मानक आहे. युरियाचा मुक्त वापर आणि शौचालयाच्या खड्ड्यालगतची विहीर, या दोन्हींचा परिणाम या आकड्यात दिसतो.

मुलांसाठी याहून रंजक परीक्षा ओढ्यातच आहे. वाहत्या पाण्यातील दगड हलकेच उलटून पाहावा. तीन बारीक शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या, वाळूच्या कणांचे घरटे पाठीवर वाहणाऱ्या कॅडिसच्या अळ्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे असे समजावे. त्या नाहीशा होऊन चिखलात केवळ लाल, किड्यासारख्या अळ्या वळवळत असतील, तर सांडपाणी आले आहे. प्रयोगशाळेतील नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो. या अळ्या मागील काही आठवड्यांचे सांगतात.

येथे शहरांतून आलेले बंधूही आहेत. त्यांना वाटत असेल की हा विषय खेड्यांचा. पुण्यातील आंबिल ओढ्याचे स्मरण करून देतो. कात्रजकडून येणाऱ्या या ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला. भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली, माणसे दगावली. कित्येक नागरिकांना आपल्या घरामागे आहे तो नाला नसून ओढा आहे, याचा पत्ता त्या रात्री लागला. भूगाव-बावधनकडून पाषाण-बाणेरमार्गे मुळेला मिळणाऱ्या रामनदीचीही दैना वेगळी नाही. शहरातील शाखांनी आणि गृहसंस्थांनी आपापल्या ओढ्यावरील पुलाच्या खांबावर सेंटीमीटरच्या खुणा रंगवाव्यात, मुसळधार पावसात दर अर्ध्या तासाला पुलावरून पातळी लिहून ठेवावी. पाण्याजवळ मात्र कोणी उतरू नये. कोणत्या पावसाला पाणी कोठवर चढते हे दोन-तीन पावसाळ्यांत कळले, तर खालच्या वस्तीला वेळेवर उठविता येते.

शेवटी वहीविषयी. वही एकाच्या घरी राहू नये. शाळेत किंवा मंदिरात, जेथे कोणीही उघडून पाहू शकेल अशा ठिकाणी असावी. नोंद घेणारे दोघे असावेत, एक शाळेतला आणि एक शेतीतला, म्हणजे सुटीत खंड पडत नाही. ज्या दिवशी नोंद चुकली ती जागा कोरी सोडावी; अंदाजाने भरलेला एक आकडा सगळ्या वहीवरचा विश्वास घालवितो. कोणाच्या विहिरीची पातळी लाजिरवाणी वाटली म्हणून खोडाखोड करू देऊ नये. पर्जन्यमापक मृगाच्या आधी बसला पाहिजे. खाचेचे पाते ऑक्टोबरमध्ये, मोठा पूर येण्याची भीती सरल्यावर बसवावे. आणि ताळेबंदाचा फलक कोजागिरीच्या आत ग्रामसभेपुढे आला पाहिजे, कारण त्यानंतर हरभऱ्याची पेरणी सुरू होते आणि उसाचे बेणेही त्याच सुमारास गावात येऊन पडते.